लोखंडाची हिरवी रेषा

विजयदुर्ग किल्ला पाहायला गेलात की कुणी ना कुणी ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतंच. सोबत एक गोष्टही सांगितली जाते. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं इथूनच सूर्य न्याहाळला आणि हेलियमचा शोध लावला. ऑगस्ट आला की वर्तमानपत्रांतही ही गोष्ट छापून येते. ती खरी नाही. त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. भारतात त्या ग्रहणाचा वर्णपट पाहणाऱ्यांत मोठं नाव फ्रान्सच्या पिएर जान्सन यांचं, आणि ते होते गुंटूरला. लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, मायदेशातूनच सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेना, आणि त्यातून पुढे हेलियम हे नाव आलं.

लॉकियर विजयदुर्गला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. कट्ट्यांचा संबंध जुळतो तो या मोहिमेशी. मला मनापासून वाटतं की विजयदुर्गनं हेलियमचं उसनं श्रेय मिरवायची काही गरज नाही. १८९८चं काम स्वतःच्या बळावर मोठं आहे. सूर्याच्या प्रकाशातली एक हिरवी रेषा नेमकी कुठं आहे, हे त्या ग्रहणात महाराष्ट्राच्या भूमीवरून ठरलं. ती रेषा कुणाची, हे कळायला मात्र त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं लागली.

वायू पुरेसा तापला की अणू एकमेकांवर इतक्या जोरानं आदळतात की त्यांचे इलेक्ट्रॉन सुटू लागतात. इलेक्ट्रॉन गमावलेला अणू म्हणजे आयन. सुटे इलेक्ट्रॉन, आयन आणि काही शाबूत अणू यांचं मिश्रण म्हणजे प्लाझ्मा. पावसाळ्यातली वीज, वेल्डिंगचा झगमगाट, ट्यूबलाइटमधला पेटलेला वायू, अख्खा सूर्य, हा सगळा प्लाझ्माच. तापलेल्या प्लाझ्मात थर्मामीटर घालायची सोय नाही, आणि सूर्यापर्यंत तर हातच पोचत नाही. आपल्या हाती येतो तो फक्त त्याचा प्रकाश.

पण त्या प्रकाशात पुष्कळ काही असतं. अणूतल्या इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहता येतं. वरच्या पातळीवरून तो खाली आला की दोन्हींतल्या फरकाएवढी ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते आणि त्या प्रकाशाची तरंगलांबी त्या फरकावरून ठरते. म्हणून हायड्रोजनची लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर असते, मग तो हायड्रोजन प्रयोगशाळेतल्या नळीत असो की एखाद्या ताऱ्यावर. इथवरचं शाळेच्या पुस्तकात येऊन गेलेलं असतं. त्यापुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. अणूतला एक इलेक्ट्रॉन निघून गेला की त्याचा वर्णपट पार बदलून जातो. उरलेल्या इलेक्ट्रॉनांवरची केंद्रकाची पकड घट्ट होते, पातळ्या सरकतात आणि रेषांचा नवाच संच तयार होतो. शाबूत कॅल्शियमची ठळक रेषा ४२२.७ नॅनोमीटरवर असते. एक इलेक्ट्रॉन काढला की ठळक रेषा ३९३.४ आणि ३९६.८वर दिसू लागतात. केंद्रक तेच, मूलद्रव्य तेच, पण वर्णपट पाहणाऱ्याला ते दुसरंच कुणी वाटावं. लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. म्हणजे लोखंडाचा वर्णपट एक नाही, २६ आहेत. ही गोष्ट ठाऊक नसताना सूर्याचा प्रकाश वाचायला बसलेल्यांची काय दशा झाली असेल, याची कल्पना करावी.

७ ऑगस्ट १८६९ रोजी अमेरिकेत खग्रास ग्रहण झालं. आयोवा राज्यात चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस या दोघांना, वेगवेगळ्या गावांतून, सूर्याच्या प्रभामंडलाच्या, म्हणजे करोनाच्या, प्रकाशात एक हिरवी रेषा दिसली. त्या काळी प्रचलित असलेल्या किरखॉफ यांच्या मोजपट्टीवर यंग यांनी तिची जागा १४७४ अशी नोंदवली. नेमक्या त्याच जागी लोखंडाची एक रेषा होती. मग करोनात लोखंड आहे असं म्हणायचं का? सूर्याच्या पृष्ठभागापासून लाखो किलोमीटर उंचीवर लोखंडासारख्या जड धातूची वाफ कशी पोचेल? आणि पोचलीच असेल, तर लोखंडाच्या इतर शेकडो रेषा कुठं गेल्या? तीसेक वर्षं हा घोळ चालू राहिला.

१८९८च्या ग्रहणात चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावरून महाराष्ट्रात शिरली आणि ईशान्येकडे निघून गेली. तिच्या वाटेवर जागोजागी तंबू पडले होते. विजयदुर्गला लॉकियर आणि त्यांचे सहकारी. सोलापूरकडे जेऊरला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल, आणि जेऊरलाच पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नेगामवाला. विदर्भात तळणीला जॉन एव्हरशेड, जे पुढे कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. एका ग्रहणासाठी वर्णपटाचे इतके जाणकार महाराष्ट्रात एकत्र आलेले असावेत आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख नसावा, याची खंत वाटते.

विजयदुर्गच्या बंदरात ‘मेल्पोमेनी’ ही ब्रिटिश युद्धनौका होती. तिच्यावरच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना लॉकियर यांनी उपकरणं हाताळायला शिकवलं आणि कामं वाटून दिली. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात छायाचित्रांच्या काचा एकामागून एक बदलायच्या होत्या, म्हणून आधी तालमी झाल्या.

त्यांच्या कॅमेऱ्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. नेहमीच्या वर्णपटदर्शीत प्रकाश एका बारीक फटीतून आत येतो. वर्णपटात दिसणारी रेषा ही खरं तर त्या फटीचीच प्रतिमा असते. लॉकियर यांच्या कॅमेऱ्यात फट नव्हती. भिंगाच्या पुढं थेट लोलक बसवलेला होता. त्यामुळे प्रत्येक तरंगलांबीला ग्रहणातल्या सूर्याचं वेगळं चित्र उमटायचं. चंद्राच्या कडेशी डोकावणाऱ्या वर्णावरणाच्या, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थराच्या, नुसत्या कोरी उमटायच्या, तर करोनाचं रुंद, पसरट कडं यायचं. कोर आणि कडं यांची गल्लत होण्याचा प्रश्नच नव्हता. काचा धुऊन पाहिल्या तेव्हा हिरव्या रंगातलं करोनाचं कडं १४७४च्या कोरीवर बसत नव्हतं, बाजूला सरकलेलं होतं. जेऊरला घेतलेल्या वर्णपटांवरून कॅम्पबेल यांनीही बारकाईनं मोजणी केली. हिरवी रेषा, समजली जात होती तशी, ५३१.७ नॅनोमीटरवर नव्हती. ती होती ५३०.३वर.

फरक अवघा १.४ नॅनोमीटरचा. पण तेवढ्यानं लोखंडाचा दावा निकालात निघाला. ५३०.३वर रेषा देणारं पृथ्वीवर कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून या अज्ञात मूलद्रव्यासाठी चालत आलेलं कोरोनियम हे नाव आता पक्कं झाल्यासारखं वाटू लागलं. हेलियमचं उदाहरण ताजं होतं. सूर्यावर दिसलेलं हे मूलद्रव्य विल्यम रॅमसे यांना १८९५मध्ये युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत सापडलं होतं. कोरोनियमही असंच कधीतरी सापडेल अशी आशा होती. मेंडेलिएव यांनी तर हायड्रोजनहून हलकं मूलद्रव्य म्हणून त्याला आवर्तसारणीत जागा देऊ केली. पुढे १९१३मध्ये हेन्री मोसली यांनी मूलद्रव्यांना अणुक्रमांकाचा भक्कम पाया दिला आणि असं काही बसवायला हलक्या मूलद्रव्यांत रिकामी जागाच उरली नाही. रेषा होती, धनी नव्हता.

गंमत अशी की या कोड्याच्या उत्तराचा एक धागा स्वतः लॉकियर यांच्याच हाती होता. एखादा धातू विजेच्या आर्कमध्ये तापवला तर काही रेषा ठळक दिसतात. त्याहून प्रखर ठिणगीत टाकला तर त्या फिक्या होतात आणि दुसऱ्याच रेषा जोर धरतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं नोंदवलं होतं. मूलद्रव्यं अति तापली की फुटतात आणि या नव्या रेषा त्या तुकड्यांच्या असतात, असा त्यांचा दावा होता. समकालीन शास्त्रज्ञांनी तो फेटाळला. मूलद्रव्य फुटतं म्हणजे काय, हे कुणाच्या पचनी पडणं शक्य नव्हतं. इलेक्ट्रॉनचा शोधच १८९७चा. आज पाहिलं तर अणू फुटत नव्हते, पण त्यांच्यातला एक तुकडा खरोखरच सुटत होता. ठिणगीत जोर धरणाऱ्या रेषा आयनांच्या होत्या. लॉकियर यांच्या कल्पनेची जेवढी टर उडाली, तेवढी ती उडवण्याजोगी नव्हती असं माझं मत आहे.

विजयदुर्गच्या मोहिमेत त्यांच्यासोबत आल्फ्रेड फाउलर नावाचे तरुण सहायक होते. फाउलर पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात वर्णपटशास्त्राचे मोठे अधिकारी झाले. त्यांच्याच प्रयोगशाळेत १९२०च्या सुमारास कलकत्त्याहून मेघनाद साहा दाखल झाले. सूर्याच्या वर्णावरणातल्या आयनांवरचा साहांचा पहिला लेख १९२०मध्येच प्रसिद्ध झाला होता. फाउलर यांच्याकडे साठलेल्या ताऱ्यांच्या आणि ठिणग्यांच्या वर्णपटांनी त्यांच्या विचाराला भरभक्कम आधार मिळाला. तापमान वाढलं की आयन वाढतात हे उघड आहे. साहांनी त्यात दाबही जमेस धरला. वायू विरळ असला की सुटलेल्या इलेक्ट्रॉनला पुन्हा एखादा आयन भेटायला वेळ लागतो, म्हणून तितक्याच तापमानाला विरळ वायूत आयनांचं प्रमाण जास्त राहतं. कॅल्शियमच्या आयनाच्या रेषा सूर्याच्या उंच, विरळ थरांत इतक्या ठळक का, याचं उत्तर त्यातून मिळालं. कोणती रेषा किती ठळक यावरून ताऱ्याचं तापमान काढायची वाट साहांच्या समीकरणानं मोकळी केली, आणि १९२५मध्ये सेसिलिया पेन यांनी त्याच वाटेनं जाऊन ताऱ्यांत हायड्रोजनचं प्रमाण प्रचंड असल्याचं दाखवलं.

तरी हिरवी रेषा उरलीच. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश सेल्सिअसचा. त्याच्या वरचा करोना त्याहून थंडच असणार, असं सगळे धरून चालले होते. हे गृहीतच चुकीचं होतं.

उकल झाली ती स्वीडनमध्ये, उप्साला इथं. बेंग्ट एडलेन निर्वात पोकळीत प्रचंड जोराची विजेची ठिणगी पाडून धातूंच्या अणूंमधून अनेक इलेक्ट्रॉन एकदम उडवत आणि अतिनील टोकाकडचे वर्णपट मोजत. १९३९मध्ये जर्मनीत वाल्टर ग्रोट्रियान यांच्या ध्यानात आलं की नऊ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या पातळ्यांमधलं एडलेन यांनी मोजलेलं एक अंतर करोनाच्या ६३७.४ नॅनोमीटरच्या लाल रेषेशी जुळतं. धागा सापडल्यावर एडलेन यांनी करोनाच्या बाकीच्या रेषा हाती घेतल्या.

हिरव्या रेषेचा हिशेब थोडक्यात असा. अॅल्युमिनियमच्या अणूत १३ इलेक्ट्रॉन असतात. सिलिकॉनचा एक, फॉस्फरसचे दोन, गंधकाचे तीन इलेक्ट्रॉन काढले की त्यांच्याकडेही १३च उरतात. या सगळ्यांत बाहेरचा तेरावा इलेक्ट्रॉन एकटा असतो. कक्षेतल्या फिरण्यामुळे येणारं त्याचं चुंबकत्व आणि त्याच्या अंगचं चुंबकत्व यांचा मेळ दोन प्रकारे बसू शकतो, म्हणून त्याच्या सगळ्यात खालच्या पातळीचे दोन पोटभाग पडतात. त्यांच्यातलं अंतर वर्णपटज्ञ ‘एका सेंटिमीटरमध्ये किती तरंग’ या हिशेबानं मोजतात. अॅल्युमिनियममध्ये ते ११२ आहे, सिलिकॉनच्या आयनात २८७, फॉस्फरसच्या ५५९, गंधकाच्या ९५१. केंद्रकातला एकेक प्रोटॉन वाढतो तसं अंतर झपाट्यानं वाढतं, पण शिस्तीत वाढतं. ही शिस्त धरून २६ प्रोटॉनांच्या लोखंडापर्यंत गेलं की अंतर १८,८५३च्या घरात पोचतं. एका सेंटिमीटरला या संख्येनं भागलं की ५३०.४ नॅनोमीटर येतात. हवेत प्रकाशाची तरंगलांबी किंचित आखडते, तेवढी वजावट केली की ५३०.३.

म्हणजे ते लोखंडच होतं. २६पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड. १८६९मध्ये चुकीच्या रेषेवरून बरोबर मूलद्रव्याचं नाव निघालं होतं, १८९८च्या अचूक मोजणीनं ते बाद ठरलं, आणि त्या अचूक आकड्याच्याच आधारानं १९४१ नंतर ते परत आलं.

ही रेषा कोणत्याही प्रयोगशाळेत का दिसली नव्हती, याचं कारण करोनाच्या विरळपणात आहे. सर्वसाधारण अणू ऊर्जा मिळाल्यावर सेकंदाच्या दहा कोटीव्या भागात प्रकाश देऊन मोकळा होतो. हिरव्या रेषेमागची उडी मात्र क्वांटमच्या नियमांत जवळजवळ निषिद्ध. आयनाला त्यासाठी सरासरी सेकंदाचा साठावा भाग थांबावं लागतं. अणूच्या जगात हा फार मोठा काळ. संध्याकाळी दादरच्या फलाटावर एका जागी शांत उभं राहू म्हटलं तर जे होतं, तेच दाट वायूत या आयनाचं होतं. प्रकाश द्यायच्या आधीच शेजाऱ्याचा धक्का बसतो आणि ऊर्जा निघून जाते. करोनात एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे दहा कोटी इलेक्ट्रॉन असतात. आपल्या हवेतल्या रेणूंच्या मानानं ही गर्दी दोनशे अब्जपटींहून कमी. तिथं आयनाला निवांत वेळ मिळतो. तेजोमेघांतल्या ५००.७ नॅनोमीटरच्या हिरव्या रेषेचं कोडंही असंच होतं. तिच्यासाठी नेब्युलियम नावाचं मूलद्रव्य मानलं गेलं होतं. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे हे आयरा बोवेन यांनी १९२७मध्ये दाखवून दिलं.

एडलेन यांच्या उत्तरानं मोठा प्रश्न उभा केला. लोखंडाचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला ७.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. तेरावा काढायला ३६१ लागतात. म्हणजे करोनाचं तापमान वीस लाख अंशांच्या आसपास असलं पाहिजे. रेषेच्या रुंदीनंही तीच साक्ष दिली. आयन इकडेतिकडे धावत असतात, म्हणून त्यांच्या प्रकाशाची तरंगलांबी किंचित कमीजास्त होते आणि रेषा पसरते. साडेपाच हजार अंशांना ही हिरवी रेषा ०.००४ नॅनोमीटर रुंद असायला हवी. वीस लाखांना ०.०७. फ्रान्समधल्या पिक द्यु मिदी पर्वतावरून बर्नार लियो यांनी १९३०च्या दशकात, ग्रहणाविना करोना दाखवणाऱ्या आपल्या उपकरणानं, ती विलक्षण रुंद असल्याचं मोजलं होतं. पृष्ठभागाहून करोना शेकडो पट गरम का, याचं पुरतं उत्तर आजही मिळालेलं नाही. चुंबकीय क्षेत्रांतली ऊर्जा त्यामागे आहे, एवढ्यावर बहुतेकांचं एकमत आहे.

हीच वाचनविद्या आता पृथ्वीवरच्या प्लाझ्मालाही लागू पडते. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ नावाचा टोकामॅक १९८९पासून आहे. अशा यंत्रात चुंबकांनी कोंडलेला हायड्रोजनचा प्लाझ्मा भिंतीला लागता कामा नये. भिंत टंगस्टनची असेल तर तिच्यातून उडालेला शाबूत अणू ४००.९ नॅनोमीटरवर चमकतो. ही रेषा उजळली की भिंत झिजते आहे असं समजायचं. तोच टंगस्टन मोठ्या टोकामॅकच्या गाभ्यात शिरला की चाळीसहून अधिक इलेक्ट्रॉन गमावतो, अतिनील आणि क्ष-किरणांत प्रकाशू लागतो आणि त्या वाटेनं प्लाझ्माची उष्णता उधळून टाकतो. कडेचा अणू आणि गाभ्यातला आयन वेगवेगळे ओळखता आले नाहीत, तर सूर्याची ऊर्जा पृथ्वीवर आणायचं काम पुढे सरकणार नाही.

मुंबई-पुण्यातल्या पाणी, औषधं, धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळांत ‘आयसीपी’ हे नाव रोज कानावर पडतं. आर्गॉन वायूच्या सहा ते दहा हजार अंशांच्या प्लाझ्मात पाण्याचा बारीक फवारा सोडायचा आणि उमटणारे रंग मोजायचे. पाण्यात शिसं आहे का हे पाहायला २२०.३५ नॅनोमीटरची जी रेषा वापरतात, ती शिशाच्या अणूची नाही. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनाची आहे. ऑगस्ट २०२३मध्ये चांद्रयान-३च्या प्रज्ञान रोव्हरनं लेझरच्या झोतानं चंद्रावरच्या मातीचा क्षणभर प्लाझ्मा केला आणि त्याच्या प्रकाशात गंधक ओळखलं.

२ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आदित्य-एल१ यानावर बंगळूरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेनं बनवलेली करोनादर्शी दुर्बीण आहे. तिचा वर्णपटमापक तीन रेषांवर रोखलेला आहे: ५३०.३, ७८९.२ आणि १०७४.७ नॅनोमीटर. तिन्ही लोखंडाच्या, अनुक्रमे १३, १० आणि १२ इलेक्ट्रॉन गमावलेल्या. कोणती रेषा कुठं उजळ आहे यावरून करोनाचा कोणता भाग किती तापला आहे ते कळतं. रेषा डावी-उजवीकडे किती सरकली यावरून तिथला वायू आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे ते.

भारतातून दिसणारं पुढचं खग्रास सूर्यग्रहण २० मार्च २०३४ रोजी आहे, काश्मीर-लडाखच्या पट्ट्यातून. जमलं तर जा, आणि जाताना बारीक रेषा कोरलेलं डिफ्रॅक्शन ग्रेटिंग सोबत ठेवा. शाळांना प्रयोगाचं साहित्य पुरवणाऱ्यांकडे ते स्वस्तात मिळतं. सूर्य पूर्ण झाकला गेल्यावरच ते, लॉकियर यांच्या लोलकासारखं, कॅमेऱ्याच्या भिंगापुढं धरून छायाचित्र घ्या. सूर्य पूर्ण झाकलेला नसताना मात्र डोळे आणि कॅमेरा, दोन्हींना योग्य फिल्टर हवाच.